अनेक आवडींची आई आणि स्मरणलेखन : चार मराठी उदाहरणांचा अभ्यास

प्रस्तावना

मराठी वाचकाला आईवरचे लेखन नवे नाही. यशवंतांची ‘आई’ आणि माधव जूलियनांची ‘प्रेमस्वरूप आई’ या कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केल्या. साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घराघरांत वाचले गेले. याशिवाय पुस्तकांच्या दुकानात कधीच न येणारे लेखनही पुष्कळ आहे. आई वारली की वर्षश्राद्धाच्या सुमारास काही घरांतली मुले एक लहानशी स्मरणिका छापतात. मुखपृष्ठावर हार घातलेला फोटो असतो आणि आत मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे यांचे एकेक पान. या पानांतली विशेषणे बहुधा ठरलेली असतात : प्रेमळ, सोशिक, कष्टाळू, सुगरण, देवभोळी. अशा दहा स्मरणिका सलग वाचल्या, तर दहा वेगळ्या बायकांची मिळून एकच बाई झाल्यासारखी वाटते.

त्या दहांपैकी एखादी पेटी वाजवत असेल, एखादीला रानातली औषधी झाडे ओळखता येत असतील, एखादी रोज दुपारी वर्तमानपत्रातले शब्दकोडे सोडवत असेल. घरच्यांना हे माहीत असते. मग ते लेखनात का उतरत नाही? आणि जिथे उतरते, तिथे ते कशामुळे शक्य होते? या पाठात आपण हा प्रश्न चार मराठी उदाहरणांच्या आधारे तपासणार आहोत : ‘श्यामची आई’, ‘बहिणाबाईंची गाणी’, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आणि इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ हा ललित लेख.

हौस, आवड, छंद आणि व्यासंग

सुरुवात भाषेपासून करू. माणसाचे मन एखाद्या गोष्टीत रमते हे सांगायला मराठीत निदान चार शब्द आहेत. ‘हौस’ ही क्षणिक, थोडी कौतुकाची आणि थोडी खर्चाची. ‘आवड’ मनाची, तिला पुरावा लागत नाही. ‘छंद’ नियमाने जोपासायचा. ‘व्यासंग’ म्हणजे दीर्घ अभ्यास, त्याला समाजात मान असतो.

हे शब्द घरात कोणाला मिळतात ते पाहा. वडील जुनी नाणी जमवतात, तो त्यांचा छंद. ते संध्याकाळी ग्रंथ घेऊन बसतात, तो व्यासंग. आई भरतकाम करते ती हौस म्हणून. तिने तीस वर्षे रोज पोथ्या वाचल्या, त्यांतल्या कथांचे पाठभेद तिला तोंडपाठ झाले, तरी तिला ‘देवाधर्माची आवड’ असते. काम तेवढेच, सातत्य तेवढेच, पण शब्द एक पायरी खालचा. स्मरणलेखनात आईचे छंद हरवतात, त्याची सुरुवात अशी शब्दांपासून होते.

दुसरे कारण मुलाच्या जागेचे आहे. मूल आईला घरातल्या वेळात आणि स्वतःच्या गरजेच्या वेळी पाहते. ते शाळेत गेल्यावर आई काय करत होती, लग्नाआधी तिला काय येत होते, हे त्याला ऐकूनच कळते, आणि ते ऐकण्याइतकी सवड मुलाला बहुधा उशिरा होते. तिसरे कारण लेखनाच्या काळाचे. असे लेखन आईच्या मृत्यूनंतर होते. त्या वेळी मनात कृतज्ञता असते आणि बऱ्याचदा अपराधाची बोचही असते. अशा मनःस्थितीत तिने आपल्यासाठी काय केले याची आठवण आधी येते. ती स्वतःसाठी काय करत होती हे मागे राहते.

म्हणून असे लेखन वाचताना चार प्रश्न हाताशी ठेवावेत. एक, या बाईला नेमके काय येत होते, हे लेखक तपशिलाने सांगतो का? दोन, त्या कामासाठी तिने वेळ कोठून काढला? तीन, मुलाशी संबंध नसलेली तिची एखादी इच्छा लेखनात आहे का? चार, मजकुरात आवाज कोणाचा ऐकू येतो, तिचा की सांगणाऱ्याचा?

‘श्यामची आई’ : शिकवणीत दडलेली जाणकार बाई

पांडुरंग सदाशिव साने यांनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. ते १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्यांची आई यशोदाबाई १९१७ साली वारली होती. म्हणजे लेखन आणि मृत्यू यांत सुमारे पंधरा वर्षांचे अंतर आहे. आश्रमात प्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची चौकट आहे. अशा बेचाळीस रात्री आहेत.

या चौकटीमुळे पुस्तकाला ताकद मिळाली आणि मर्यादाही आली. प्रत्येक रात्रीला एक प्रसंग आणि बहुतेक प्रसंगांना एक शिकवण आहे. ‘मुकी फुले’ या प्रकरणात मुले सकाळी फुले मिळावीत म्हणून आदल्या संध्याकाळीच कळ्या तोडतात आणि आई श्यामला समजावते. ‘श्यामचे पोहणे’मध्ये पाण्याला घाबरून लपलेल्या मुलाला ती मारते, कारण तो भित्रा निघालेला तिला चालणार नसते. ‘अळणी भाजी’मध्ये मीठ राहून गेलेली भाजी वडील काही न बोलता खातात आणि दुसऱ्याचे मन न दुखवण्याचा धडा श्यामला मिळतो. प्रसंग आईचा असला, तरी त्याचा शेवट श्यामच्या शीलापाशी होतो.

आता पहिला प्रश्न लावून हीच प्रकरणे पुन्हा वाचा. फूल कधी तोडावे आणि कधी झाडावर राहू द्यावे हे जाणणारी बाई झाडापाशी रोज जात असली पाहिजे. रानातल्या-परसातल्या पाल्याची भाजी करायची, ती इतकी चांगली की एका दिवशी मीठ विसरले हीच सांगण्यासारखी गोष्ट व्हावी, यामागे मोठे कसब आहे. व्रते, कहाण्या, पत्रावळ लावण्याची पद्धत, सणांचे बारकावे हे तिचे ज्ञान पुस्तकभर पसरलेले आहे. ते सगळे ‘संस्कार’ या एका शब्दाखाली गेल्याने वाचकाच्या नजरेतून निसटते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या उत्तरार्धात मिळते. कर्ज वाढत जाते, घराची अवहेलना होते, सावकाराची माणसे दारात येतात. ‘गरिबांचे मनोरथ’, ‘वित्तहीनांची हेटाळणी’, ‘अब्रूचे धिंडवडे’ ही प्रकरणांची नावेच बोलकी आहेत. इथे आई कोणाला शिकवत नाही. तिला स्वतःचा मान आहे आणि तो तिच्या डोळ्यांदेखत जातो आहे. ‘पर्णकुटी’ प्रकरणातला तिचा हट्टही असाच आहे : लहान का होईना, स्वतःचे घर हवे. ही तिची इच्छा मुलाच्या वळणाशी जोडलेली नाही. ‘श्यामची आई’ आजही पोटाला भिडते ती या पानांमुळे, असे माझे मत आहे. शिकवणीची प्रकरणे आपण आदराने वाचतो, पण या प्रकरणांत आपल्याला एक माणूस भेटतो.

साने गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बायकांच्या ओव्या गोळा करून त्यांनी ‘स्त्रीजीवन’ हा मोठा संग्रह सिद्ध केला. आईच्या पिढीतल्या बायकांची कला काय होती याचे त्यांना नेमके भान होते. ‘श्यामची आई’मध्ये त्यांनी आईचे हृदय दाखवले. त्या पिढीची वाणी टिपण्यासाठी त्यांना वेगळे पुस्तक करावे लागले. एका माणसाच्या दोन ग्रंथांत पडलेली ही वाटणी अभ्यासण्यासारखी आहे.

‘बहिणाबाईंची गाणी’ : मुलाने आईचे काम लिहून ठेवले

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा जन्म खानदेशात, जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. तरुणपणीच वैधव्य आले. त्यांचे आयुष्य शेतात आणि घरात कामात गेले. काम करताकरता त्या गाणी रचत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते. सोपानदेव आणि नात्यातले त्यांचे एक भाऊ ही गाणी ऐकून वहीत उतरवून ठेवत. बहिणाबाईंच्या निधनानंतर ही वही आचार्य अत्रे यांच्यापुढे आली. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी, १९५३ साली, अत्र्यांनी ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. एकाच माणसाच्या हातून वर्षभराच्या आत दोन आया महाराष्ट्रापुढे आल्या. एक मुलाच्या आठवणीतून बोलणारी, दुसरी स्वतःच्या शब्दांत गाणारी.

सोपानदेवांनी जे केले ते स्मरणलेखनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते स्वतः छापील, प्रमाण मराठीत कविता लिहीत. आईच्या गाण्यांची भाषा मात्र त्यांनी प्रमाण केली नाही. खानदेशी बोली, तिचे उच्चार, शेतीतले शब्द जसेच्या तसे राहिले. आई कशी होती हे मुलगा सांगत बसला असता, तर आपल्याला आणखी एक प्रेमळ, सोशिक, कष्टाळू बाई मिळाली असती. तिने काय रचले हे त्याने टिपले, म्हणून आपल्याला तिचे मन मिळाले.

आणि ते मन किती गोष्टींत रमत होते! पेरणी, मळणी, मोट, नांगर, जाते, चूल, सण, माहेर, पाखराचे घरटे, माणसाच्या मनाची चंचलता. या गाण्यांत काम आणि रस वेगळे काढता येत नाहीत. दुसरा प्रश्न आपण विचारला होता : वेळ कोठून काढला? बहिणाबाईंच्या बाबतीत उत्तर असे की वेळ वेगळा काढलाच नाही. हात कामात होते, तोंड गाण्यात होते. ‘छंद म्हणजे फावल्या वेळातली गोष्ट’ ही शहरी व्याख्या इथे तोकडी पडते.

चौथ्या प्रश्नाच्या संदर्भात मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपल्यापर्यंत आलेली बहिणाबाई मुलाच्या वहीतून आलेली आहे. जे गाणे रचले गेले तेव्हा वही घेऊन कोणी जवळ नव्हते, ते गेले. काय टिपायचे हे टिपणाऱ्याने ठरवले. आवाज आईचा असला तरी निवड मुलाची आहे. तरीही आईची आठवण जपण्याच्या मराठीतल्या प्रयत्नांत हा सर्वांत फलदायी म्हणावा लागेल, कारण इथे मुलाने स्वतःला जवळजवळ बाजूला ठेवले.

‘स्मृतिचित्रे’ : आठवणी पतीच्या मागितल्या, आल्या स्वतःच्या

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) नाशिकजवळच्या जलालपूरच्या. माहेरचे आडनाव गोखले. १८८० साली नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि पुढे त्यांनीही तो धर्म स्वीकारला. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी त्याने आईकडून आठवणी लिहून मागितल्या, ही या पुस्तकाची जन्मकथा आहे.

मागणी पतीच्या आठवणींची होती. लक्ष्मीबाईंनी त्या दिल्याही. टिळकांचा लहरीपणा, औदार्य, अचानक घरातून निघून जाणे, हे सगळे पुस्तकात आहे. पण सांगणारीची नजर, तिची विनोदबुद्धी आणि बोलण्याची ढब इतकी पक्की आहे की चरित्राचा कच्चा माल म्हणून लिहिलेले पान आत्मचरित्राचे पान होऊन जाते. सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकात गेलेले बालपण, संसारातली फजिती, धर्मांतराने झालेली मनाची ओढाताण, घरात आलेली परकी मुले, हे सारे ती एकाच सुरात सांगते. दुःखाच्या प्रसंगी तिला हसू सुचते आणि हसण्याच्या प्रसंगी ती एखादी गंभीर गोष्ट सहज बोलून जाते.

लक्ष्मीबाईंना लग्नानंतर वाचायला-लिहायला टिळकांनी शिकवले. त्यांनी कविता केल्या. टिळकांनी सुरू केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या मृत्यूच्या वेळी अपुरे होते. उरलेले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी उतारवयात लिहून पुरे केले. आपल्या पहिल्या भागातले शब्द इथे आठवावेत. याला हौस म्हणायचे, आवड म्हणायची की व्यासंग?

‘स्मृतिचित्रे’ पूर्ण होण्याआधीच लक्ष्मीबाई वारल्या आणि राहिलेला शेवट देवदत्त टिळकांनी पुरा केला. त्यामुळे या एकाच ग्रंथात आईने सांगितलेले आयुष्य आणि मुलाने सांगितलेला आईचा शेवट शेजारी शेजारी आहेत. वर्गात हे दोन्ही भाग लागोपाठ मोठ्याने वाचून पाहावेत. वाक्यांची लांबी, विनोदाचे प्रमाण, ‘मी’ कोण आहे, या तीन गोष्टींची नोंद करावी. आई गेल्यावर तिच्या आवाजाचे काय होते हे सिद्धांतापेक्षा या वाचनातून अधिक स्पष्ट होईल.

‘परिपूर्ती’ आणि इरावतीबाईंची ओळख

इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांचा जन्म ब्रह्मदेशात झाला. नाव तिथल्या नदीवरून पडले. पुण्यात रँग्लर परांजपे यांच्या घरी त्या वाढल्या. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकल्या. बर्लिनला जाऊन मानवशास्त्रात पीएच.डी. मिळवली. तिथे ज्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली काम केले, त्याच्या वंशश्रेष्ठत्वाच्या गृहीतकाला कवट्यांच्या मोजणीतून आधार मिळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काम केले. भारतभर हिंडून नातेसंबंधांच्या रचनांचा अभ्यास केला, गुजरातेत लांघणजच्या उत्खननात भाग घेतला, ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर लिहिले. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या तीन मुलांची आई होत्या. मुलींपैकी जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे लेखिका झाल्या.

आता ‘परिपूर्ती’ हा लेख पाहू. एका कार्यक्रमात लेखिकेची ओळख करून दिली जाते. ती अमक्यांच्या घरात वाढलेली, तमक्यांची सून, तमक्यांची पत्नी. सगळे खरे आहे, पण काहीतरी राहून गेले असे लेखिकेला वाटत राहते. घरी जाताना रस्त्यावरची मुले एकमेकांना सांगतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि लेखिकेला आपली ओळख आता पुरी झाली असे वाटते.

या लेखाची दोन वाचने नेहमी केली जातात. पहिल्या वाचनानुसार इतकी विद्वान बाईही शेवटी मातृत्वातच कृतार्थ झाली. दुसऱ्यानुसार हा शुद्ध उपरोध आहे : समाजाने बाईला कोणाची तरी कोणीतरी म्हणूनच ओळखायचे ठरवले आहे, तर घ्या, यादी पूर्ण करा. माझ्या मते दोन्ही वाचने अर्धी आहेत. लेखातला आनंद खोटा वाटत नाही. मुलांच्या जगात आपण नावाजलेले आहोत ही गंमत लेखिकेला खरोखर आवडली आहे. पण ती गंमत सांगण्याची पद्धत मानवशास्त्रज्ञाची आहे. ओळखींचा क्रम, प्रत्येक ओळखीमागचा नातेसंबंध, शेवटची ओळख देणारा गट, हे सारे एखाद्या नोंदवहीतल्यासारखे नेमके आहे. नातेसंबंधांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या बाईने इथे स्वतःलाच नमुना म्हणून घेतले आहे. म्हणजे आई असण्याचा आनंद आणि व्यासंगाची शिस्त एकाच लेखात काम करत आहेत. यांतले एक खरे आणि दुसरे मुखवटा, असे मानण्याची गरज नाही.

इरावतीबाईंच्या घरात मुले आईवडिलांना नावाने हाक मारत. ‘इरू’ हे त्यांचे घरातले नाव. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि मानवशास्त्राचे अभ्यासक थिआगो पिंटो बार्बोसा यांनी २०२४ साली लिहिलेल्या इंग्रजी चरित्राचे शीर्षकही ‘इरू’ असेच सुरू होते. एक लेखक घरातला, दुसरा अभिलेखागारात बसणारा. घरच्या आठवणीला कागदपत्रांची जोड मिळाली की मुलांनी न पाहिलेली वर्षेही समोर येतात. स्मरणलेखनाच्या ज्या अडचणी आपण सुरुवातीला पाहिल्या, त्यांतल्या दुसऱ्या अडचणीवर हा एक चांगला उपाय आहे.

इथे उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. इरावतीबाईंविषयी बोलताना पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या बाईंपैकी त्या होत्या, हे हमखास सांगितले जाते. अशा गोष्टींची यादी वाढवत नेली की बाई अचाट वाटू लागते, पण कळत नाही. ‘त्यांना वाचन, प्रवास, बागकाम आणि संगीत यांची आवड होती’ या वाक्यातून आपल्याला काहीच दिसत नाही. कोणते पुस्तक, कोणत्या खुर्चीत, कामे आटोपल्यावर की कामे बाजूला सारून, हे आले तर माणूस दिसतो. विशेषणांची यादी असो की आवडींची, यादीने आठवण होत नाही.

एक आक्षेप आणि त्याचे उत्तर

कोणी म्हणेल की छंदांची ही चर्चा सुखवस्तू घरांपुरती आहे. ज्या आईला दोन वेळच्या भाकरीची भ्रांत होती, तिला कसले छंद? आक्षेप गंभीर आहे. कष्टाचे वास्तव झाकून आईला ‘कलावंत’ ठरवणे हीसुद्धा फसवणूक आहे. ‘श्यामची आई’मधले कर्ज आणि बहिणाबाईंचे वैधव्य विसरून त्यांच्या गुणांचे कौतुक करता येणार नाही.

पण कष्ट करणाऱ्या बाईला मन नसते असे मानणे हा दुसरा अन्याय आहे. बहिणाबाईंचे उदाहरण याला पुरेसे उत्तर देते. बंगालमधले एक उदाहरणही इथे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘आमार जीबन’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या राससुंदरी देवींनी संसाराच्या रगाड्यात, चोरून, स्वतःच्या हिमतीवर वाचायला शिकून घेतले. चैतन्यभागवताचे एक पान त्यांनी स्वयंपाकघरात लपवून ठेवले होते आणि अक्षरे ओळखण्यासाठी मुलाच्या लिहिण्याच्या ताडपत्राशी ते ताडून पाहिले. मुलाला आपले ताडपत्र आईच्या किती कामाचे आहे याची कल्पनाही नसेल. तिने स्वतः लिहिले नसते, तर मुलांच्या आठवणीत चुलीपाशी बसलेली आई राहिली असती आणि चुलीआड लपवलेले पान राहिले नसते.

गोधडीतल्या तुकड्यांची जुळणी, आठवडी बाजारातला हिशोब, बाळंतिणीची औषधे, लग्नातली गाणी, रांगोळीचे ठिपके, हे सगळे ज्ञान आहे. भारतातल्या बहुसंख्य बायकांच्या ज्ञानाला कागद मिळाला नाही. घरगुती स्मरणिका हा कित्येक बायकांबद्दलचा एकुलता एक छापील मजकूर असतो. शिधापत्रिका आणि मतदारयादी सोडली तर तिचे नाव दुसरीकडे कोठे सापडत नाही. म्हणून त्या पानात काय लिहिले जाते याला महत्त्व आहे. उद्याच्या सामाजिक इतिहासकाराला ‘सोशिक’ या शब्दातून काही मिळणार नाही. ती कोणत्या बियाण्याचे वाण वेगळे करून मडक्यात ठेवत असे, हे लिहिले असेल तर बरेच मिळेल.

समारोप

चारही उदाहरणे एकत्र ठेवली तर काही गोष्टी स्पष्ट होतात. ‘श्यामची आई’मध्ये प्रेम अपार आहे, पण रचनेमुळे आईची जाणकारी शिकवणीच्या मागे जाते. ती शोधून वाचावी लागते. ‘बहिणाबाईंची गाणी’मध्ये मुलगा टिपणारा होतो आणि आईची निर्मिती पुढे येते. ‘स्मृतिचित्रे’मध्ये मुलगा विचारणारा होतो आणि आई स्वतः बोलते. ‘परिपूर्ती’मध्ये आई स्वतःच्याच आईपणाकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहते. शेवटच्या तीन उदाहरणांत आईचा स्वतःचा शब्द शिल्लक आहे, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी तो शिल्लक राहण्याचे श्रेय वेळेवर वही उघडणाऱ्या किंवा वेळेवर विचारणाऱ्या मुलाला आहे.

यावरून समीक्षेपुरता निष्कर्ष असा : आईवरच्या लेखनाची प्रत त्यातल्या भावनेच्या उत्कटतेवर ठरवू नये. उत्कटता जवळजवळ प्रत्येक मुलाकडे असते. त्या लेखनातून एक विशिष्ट बाई, तिला येणाऱ्या गोष्टींसह, तिच्या वेळासह आणि तिच्या बोलण्यासह उभी राहते का, हे पाहावे. आणि व्यवहारापुरता निष्कर्ष समीक्षेहून सोपा आहे. देवदत्त टिळकांनी आईला ती हयात असताना विचारले. सोपानदेवांनी आई गात असताना लिहून घेतले. वर्षश्राद्धाची वाट दोघांनीही पाहिली नाही.

स्वाध्याय

१. ‘श्यामची आई’मधील कोणतेही एक प्रकरण निवडा. त्यातील शिकवण बाजूला ठेवून, आईला अवगत असलेल्या कौशल्यांची आणि माहितीची नोंद करा.

२. ‘परिपूर्ती’ या लेखाच्या दोन प्रचलित वाचनांपैकी तुम्हाला कोणते पटते? लेखाच्या रचनेच्या आधारे उत्तर द्या.

३. तुमच्या मातृभाषेतील, आईविषयीचे एक आत्मचरित्रात्मक लेखन घ्या आणि त्याला या पाठातील चार प्रश्न लावून पाहा.

४. घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीला तिच्या आवडीच्या कामाविषयी विचारा. तिचे उत्तर तिच्याच बोलीत, शब्द न बदलता, एका पानात लिहून काढा. नंतर तीच माहिती प्रमाण भाषेत लिहा आणि दोन्हींत काय बदलले याची चर्चा करा.